आधी मळ बघा, मग मशीन

गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीला आईबाबांकडे गेलो होतो. माळ्याला ओल आली होती, त्यामुळे वरचं सगळं सामान खाली काढायची कामगिरी अर्थातच माझ्यावर. जुनी पातेली, माझी दहावीची गाईडं, कुणाच्या तरी मुंजीतले पाट, आणि सगळ्यात मागे एक पत्र्याची ट्रंक. उघडली तर रेकॉर्ड्स! आजोबांच्या ७८च्या तीसेक तबकड्या आणि बाबांच्या शंभरएक एलपी-ईपी. वरचीच एलपी बाहेर काढली, कुमार गंधर्वांची. काळ्या तबकडीवर पांढरट गोल गोल ठिपके. बुरशी.

बाबांनी लांबूनच बघून निकाल दिला, "गेल्या त्या. भंगारवाल्याला देऊन टाक."

आई म्हणाली, "तो तरी घेईल का?"

आता गंमत अशी की तीनेक वर्षांपासून मला स्वतःला हा नाद लागलाय. ऑफिसातल्या पोरांनी लावला. त्यामुळे मी पुण्याला परत निघालो तो ट्रंक गाडीत घालूनच. आणि त्या रात्री, असल्या प्रसंगी कुठलाही सॉफ्टवेअर इंजिनिअर जे करतो, तेच केलं. एक्सेल शीट उघडली.

फ्रिक्वेन्सी, वॅट, लिटर, एका वेळी किती रेकॉर्ड्स, वाळवून देतं का, किंमत, वर कस्टम ड्युटी. सतरा अल्ट्रासॉनिक मशीन्स, नऊ कॉलम. दोन आठवडे रोज रात्री बारापर्यंत तेच. शेवटी बायको वैतागली. ती डेंटिस्ट आहे. म्हणाली, "अरे, आमच्या क्लिनिकमध्ये आहे की अल्ट्रासॉनिक. पण आम्ही अवजारं आधी धुऊन, रक्त-बिक्त काढूनच त्यात टाकतो. नाहीतर पाणीच घाण होतं. तू त्या रेकॉर्ड्सवर नक्की कसला मळ आहे ते बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. ट्रंक दोन आठवडे बाल्कनीत तशीच पडून होती. जो क्लायंट रिक्वायरमेंट न सांगता "आम्हाला क्लाउड पाहिजे" म्हणतो त्याला आपण जेवणाच्या सुट्टीत हसतो, आणि मी अगदी तेच करत होतो.

हल्ली पुन्हा रेकॉर्ड्स घ्यायची टूम निघालीय. कुणी नवीन घेतं, कुणी चोरबाजारातून उचलतं, कुणाला माझ्यासारखी ट्रंक सापडते. आणि वर्षभरात प्रत्येक जण त्याच प्रश्नाशी येऊन पोचतो की अल्ट्रासॉनिक घ्यायचं का, आणि घ्यायचं तर कोणतं? माझं मत आधीच सांगून टाकतो. मशीनचा तक्ता वाचण्याआधी स्वतःच्या रेकॉर्डवरचा मळ वाचा. निम्म्या लोकांना मशीनची गरजच नाही. उरलेल्यांपैकी बहुतेकांना साध्या टाकीने भागतं. आणि मळ नसलेली एक गोष्ट असते, ती तीन लाखांच्या मशीननेही निघत नाही. तिच्याकडे शेवटी येतो.

आधी हे मशीन करतं काय ते बघू. तुम्ही चष्म्याच्या दुकानात पाहिलं असेल. दुकानदार तुमचा चष्मा एका स्टीलच्या टाकीत टाकतो, "झीं" असा आवाज होतो आणि नाकावरच्या पॅडमागून मळाचा धूर निघाल्यासारखा दिसतो. सराफांकडेही तेच असतं, मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडेही तेच. टाकीच्या तळाला खालून चिकटवलेले ट्रान्सड्युसर सेकंदाला साधारण ४० हजार वेळा थरथरतात. त्यामुळे पाण्यातला दाब तितक्याच वेळा कमी-जास्त होतो. कमी झाला की पाण्यात बारीक बारीक पोकळ्या तयार होतात, वाढला की त्या आतल्या आत कोसळतात. प्रत्येक कोसळण्याबरोबर पाण्याचा एक बारीकसा फटका बसतो. याला कॅव्हिटेशन म्हणतात. फटका एक असेल तर जाणवणारही नाही, पण ते अक्षरशः असंख्य असतात.

रेकॉर्डसाठी हे का उपयोगी? तर एलपीच्या एका बाजूची खाच उलगडून सरळ केली तर ती जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल, आणि रुंदी मात्र साधारण ५० मायक्रॉन, म्हणजे बहुतेकांच्या केसाहूनही कमी. ब्रशचा केस त्या खाचेच्या तळापर्यंत पोचेल याची खात्री नाही. पाणी पोचतं.

मग येतो फ्रिक्वेन्सीचा वाद. स्वस्त मशीन्स ४० किलोहर्ट्झची, महागडी १२० किंवा त्याच्या आसपासची. प्रचार असा की ४०ला बुडबुड्याची त्रिज्या ८० मायक्रॉनच्या घरात जाते, मग तो ५० मायक्रॉनच्या खाचेत शिरणार कसा? ऐकायला एकदम पटतं. मलाही पटलं होतं. पण हा आकडा फुगलेल्या बुडबुड्याचा. तो फटका मारतो कोसळताना, आणि तेव्हा तो याच्या कितीतरी लहान असतो. फरक आहे, नाही असं नाही, पण तो वेगळ्या ठिकाणी आहे. कुठल्याही पृष्ठभागाला लागून पाण्याचा एक पातळ थर असतो, तो बाकीच्या पाण्याबरोबर नीटसा हलत नाही. ४० किलोहर्ट्झला हा थर साधारण २.८ मायक्रॉनचा, १२०ला १.६चा. त्या थरात दडलेला अगदी बारीक कण काढायचा असेल तर वरची फ्रिक्वेन्सी कामाची. उलट खालच्या फ्रिक्वेन्सीचा फटका मोठा, त्यामुळे जाड मळाला ती बरी. एक मोगरी आहे आणि दुसरा मऊ ब्रश. गोधडी धुवायची की रेशमी साडी, हे माहीत नसताना "मोगरी चांगली की ब्रश?" या प्रश्नाला काय अर्थ आहे?

म्हणून मळ. बायकोच्या टोमण्यानंतर मी टॉर्च घेतला, रेकॉर्डवर तिरपा पाडला, आणि वर एक ६० पट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग धरलं. ते दोन-तीनशे रुपयांत मिळतं. रेकॉर्ड्सच्या नादात मी घेतलेली सगळ्यात उपयोगी वस्तू हीच. चार प्रकार दिसले.

पहिली धूळ. ती सुटी असते, कोरड्या कार्बन फायबर ब्रशने जाते. नवीन रेकॉर्ड्स घेणाऱ्या मंडळींची तक्रार बहुतेक वेळा एवढीच असते. तुमच्याकडे पन्नासेक नवीन एलपी असतील आणि तुम्ही ब्रश फिरवत असाल, तर कृपया मशीन घेऊ नका. त्या पैशात चांगली सुई घ्या.

दुसरा तेलकट हात. आपल्याकडे खोबरेल आणि चकलीचे हात हे वेगळं प्रकरण आहे. बाबांच्या एका सिनेमाच्या रेकॉर्डवर आत्याच्या अंगठ्याचा ठसा आहे असं आई छातीठोकपणे सांगते. तेलाला नुसतं पाणी पुरत नाही, त्याला थेंबभर साबणासारखं काहीतरी लागतं.

तिसरी उदबत्ती आणि स्वयंपाकघर. रेकॉर्ड प्लेयर हॉलमध्ये, देव्हारा हॉलमध्ये, आणि फोडणीचा धूर सगळीकडे. याचा चिकट थर धूळ धरून ठेवतो आणि वर्षानुवर्षं घट्ट होत जातो. इथे अल्ट्रासॉनिक खरोखर कमाल करतं.

चौथी बुरशी. ही आपल्या हवेची खास देणगी. मशीनचे परदेशी रिव्ह्यू वाचताना हे लक्षात ठेवा की तिथला माणूस बहुधा कोरड्या, हीटर लावलेल्या खोलीतल्या रेकॉर्डबद्दल बोलतोय. आपली रेकॉर्ड चार महिने पावसात काढते. बुरशीला मशीनमध्ये थेट टाकलं तर ती सुटते आणि टाकीभर पसरते, आणि पुढची रेकॉर्ड त्याच पाण्यात धुतली जाते. त्यामुळे ती आधी मास्क लावून, वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने हातानेच काढायची. आणि बायको म्हणते तसं, अल्ट्रासॉनिक म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. त्यांची अवजारंसुद्धा त्यानंतर ऑटोक्लेव्हमध्ये जातात. रेकॉर्ड ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही, तेव्हा उपाय एवढाच की आतलं जुनं कागदी पाकीट टाकून द्यायचं, नवीन घालायचं, आणि ट्रंक माळ्यावर न ठेवता कोरड्या कपाटात उभ्या रांगेत ठेवायच्या. हे न करता पुन्हा जुन्याच पाकिटात घातलीत तर पुढच्या गणपतीपर्यंत बुरशी हजर.

एवढं कळल्यावर माझी एक्सेल शीट सतरा ओळींवरून तीन ओळींवर आली.

एक, सगळं स्वतः करणारी मशीन्स. एस्टोनियातल्या कंपनीचं डीग्रिटर हे त्यातलं नावाजलेलं. १२० किलोहर्ट्झ, पाणी गाळायची सोय, धुऊन वाळवून हातात. किंमत तीन हजार युरोच्या आसपास, वर आणायचा खर्च. एका वेळी एकच रेकॉर्ड. ज्याच्याकडे दोन-तीन हजार रेकॉर्ड्स आहेत, किंवा जो हा धंदाच करतो, त्याने जरूर घ्यावं. त्यात दिखावा नाही, हिशोब आहे. पण शंभर रेकॉर्ड्ससाठी घेतलं तर प्रत्येक धुण्याला तीन हजार रुपये पडतात, आणि बिघडलं तर दुरुस्तीला कुठे पाठवायचं हा प्रश्न उरतोच.

दोन, छोटी स्वयंचलित मशीन्स. हाँगकाँगच्या हमिनगुरूने ही बाजारपेठ बरीच खुली केली. ४० किलोहर्ट्झ, धुतं, वाळवतं, जागा टोस्टरएवढी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, हात ओले करायचा कंटाळा असलेल्या माणसाला अगदी योग्य. पण पाणी अर्धा लिटरही नसतं. स्वच्छ दिसणाऱ्या रेकॉर्ड्सना ते पुरतं, माझ्या ट्रंकेतल्या चार रेकॉर्ड्सनी त्याचा चहा झाला असता.

तीन, साधी सहा लिटरची टाकी आणि वर रेकॉर्ड्स हळूहळू फिरवणारी मोटर. टाकी तीच, सराफ आणि डेंटिस्ट वापरतात ती. मी हे घेतलं. एक शंका इथे प्रत्येकाला येते. टाकी आतून ३० सेंटीमीटर लांब, एलपीचा व्यास ३० सेंटीमीटर, मग ती बसणार कशी? तर ती पूर्ण बुडवायचीच नाही. लेबल पाण्याच्या वर ठेवायचं, म्हणजे रेकॉर्ड १० सेंटीमीटर पाण्यात जाते. आणि तेवढ्या खोलीवर तिची रुंदी पाण्याच्या पातळीला साधारण २८ सेंटीमीटर भरते. बरोब्बर बसते! शाळेतली वर्तुळाची जीवा पहिल्यांदाच आयुष्यात उपयोगी पडली. :-)

या टाकीचे तोटे लपवत नाही. वाळवायचं आपण, पाणी बदलायचं आपण, आवाज असा की शेजारचे काका विचारून गेले, "मिक्सर बिघडलाय का?" पण मळ जास्त आणि पैसे मर्यादित असतील तर सहा लिटर पाण्याला तोड नाही. शिवाय बिघडली तर शहरात दुरुस्त करणारा माणूस सापडतो.

वापरायचे नियम मी चुकून शिकलो, तुम्ही वाचून शिका.

पाणी नळाचं नको. त्यातले क्षार वाळल्यावर खाचेतच राहतात, म्हणजे एक मळ काढून दुसरा भरला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कॅनमध्ये मिळतं, ते आणा आणि टीडीएस मीटर बुडवून बघा. दोन-तीनच्या वर आकडा आला तर दुसरा कॅन. त्यात सुगंधी भांड्यांचं लिक्विड घालू नका. फोटोग्राफीच्या डार्करूममध्ये जे ओलावा पसरवणारं द्रव वापरतात, त्याचे मोजके थेंब पुरतात. आणि शेवटी दुसऱ्या स्वच्छ पाण्याने खळबळून काढणं सक्तीचं. हे टाळणारे लोक मग म्हणतात, "मशीनमुळे आवाज उलट वाढला." मशीनमुळे नाही बाबा, वाळलेल्या साबणामुळे.

एका वेळी तीनच रेकॉर्ड्स, मध्ये इंचभर अंतर ठेवून. दाटीवाटीने सहा लावल्यात तर मधल्यांपर्यंत ताकद पोचत नाही.

आणि तापमान. इथे मला थोडं थांबून कबुली द्यायची आहे. या टाक्यांना हीटर असतो, कारण अवजारांना आणि दागिन्यांना गरम पाणी चालतं. रेकॉर्ड म्हणजे प्लास्टिक, तिला ३० ते ३५ अंश ठीक, ४०च्या पुढे जाऊच नये, आणि पन्नास-साठच्या पुढे ती वाकायला लागते. त्यात थरथरण्यानेही पाणी आपोआप तापत जातं. हे सगळं मी वाचलं होतं. एका शनिवारी तीन रेकॉर्ड्स लावल्या, पाणी कोमट करायला हीटर चालू केला, आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. प्रॉडक्शन बंद. पाऊण तासाने परत आलो तेव्हा डिस्प्लेवर ५८ होतं. तिन्हींपैकी दोन कशाबशा वाचल्या. तिसरी पापडासारखी. आणि ती नेमकी आईची, नाट्यगीतांची, तिला लग्नात मिळालेली.

फोन करून सांगितलं. आई क्षणभर काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "असू दे. तू निदान धुवायला तरी घेतलीस." मला ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून हीटरचं बटण चिकटपट्टी लावून बंद केलंय, आणि टाकी चालू असताना मी खोलीतून हलत नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत. प्रॉडक्शन गेलं खड्ड्यात.

आजोबांच्या ७८च्या तबकड्यांना मी हात लावलेला नाही, आणि तुम्हीही लावू नका. त्या विनाइलच्या नसतात, लाखेच्या असतात. लाख आणि दगडाची भुकटी असं ते मिश्रण. बरेच जण रेकॉर्ड पुसायला सरसकट स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल सुचवतात. सुतार लाकडाला पॉलिश करताना काय करतो ते आठवा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवतो! तेच तुमच्या तबकडीचं होईल. त्यात त्या ठिसूळ, बारीक तडे गेलेल्या, पाणी आत शिरलं तर संपलंच. मऊ ओलसर कापड, लगेच कोरडं कापड, बस्स. आणि हो, एलपीसाठीसुद्धा टाकीत अल्कोहोल ओतू नका. उघड्या, तापणाऱ्या टाकीवर त्याची वाफ म्हणजे आगीला आमंत्रण.

आता एक प्रामाणिक प्रश्न. हाताने नीट धुतलं असतं तर नसतं भागलं? माझा एक मित्र साधा प्लास्टिकचा ब्रशवाला टब वापरतो आणि अल्ट्रासॉनिकला थोतांड म्हणतो. मी करून बघितलं. एकच गाणं तीनदा कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं. धुण्याआधी, हाताने धुतल्यावर, आणि मग टाकीतून काढल्यावर. वेव्हफॉर्ममध्ये कटकटीच्या उभ्या रेघा दिसतात. सगळ्यात मोठा फरक पहिल्या आणि दुसऱ्यात होता! म्हणजे मित्र बऱ्याच अंशी बरोबर. टाकीने त्यानंतरची बारीक खरखर काढली, ती हेडफोनवर कळते, आणि शांत आलापात जास्त कळते. तो शेवटचा टप्पा तुमच्यासाठी किती मोलाचा, हे तुम्ही ठरवायचं. पण पहिला टप्पा गाळून थेट शेवटचा विकत घेता येत नाही.

आणि आता ती मळ नसलेली गोष्ट. कुमारांची ती एलपी मी सगळ्यात शेवटी धुतली. हाताने दोनदा, टाकीत पंधरा मिनिटं, मग स्वच्छ पाण्यातून. टॉर्चखाली नव्यासारखी चमकत होती. दिवाळीत बाबा पुण्याला आले तेव्हा लावली. बुरशीची ती सळसळ गेली होती, तंबोरा स्वच्छ ऐकू येत होता. पण वरच्या सुरावर आवाज चिरकत होता, तो चिरकतच राहिला. भिंगातून बघितलं होतं, मला कारण माहीत होतं. खाचेच्या भिंतीच घासल्या गेल्यात. जुना सूटकेससारखा प्लेयर, त्याचा जड हात, आणि वर्षानुवर्षं न बदललेली सुई. ही झीज, आणि ती कुठल्याही किलोहर्ट्झने भरून येत नाही. मी तेच बाबांना समजावून सांगायला लागलो, थोडा ओशाळून, म्हणजे दोन महिने खपूनही काम पूर्ण झालं नाही अशा सुरात.

बाबा ऐकत होते, रेकॉर्डकडे बघत. म्हणाले, "तेवढं राहू दे. तुझ्या जन्माच्या आधी रोज सकाळी लावायचो आम्ही. ते आमचंच काम आहे."

मग त्यांनी स्वतः उठून बाजू पलटली.

तर थोडक्यात असं. टॉर्च आणि भिंग आधी. नुसती धूळ असेल तर ब्रश. तेल, धूर, बुरशी असेल तर हाताने धुणं, आणि त्यानंतरही खरखर उरली आणि रेकॉर्ड्स पुष्कळ असल्या तर टाकी. हजारांत असतील तर ते महागडं मशीन. ओरखडा किंवा झीज असेल तर काहीच नाही, तशीच ऐका. आणि हीटर बंद आहे ना, ते एकदा पुन्हा बघा.